अनसूचा डावा खांदा

ती गेली त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून गोधडी पिळायला घेतली, आणि ती काही पिळली गेली नाही.

नवरात्र तोंडावर आलं होतं. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही आमच्याकडची रीत. पंचवटीत आमच्या दोन खोल्या, पुढं हातभर अंगण, अंगणात नळ आणि नळाखाली धोंडा. सकाळपासून अनसू त्या धोंड्यावर गोधड्या बडवत होती. अनसू म्हणजे माझी बायको, अनुसया. पिळायची वेळ आली की ती हाक मारायची, "अहो, या. टोक धरा."

ओली गोधडी एकट्याला पिळत नाही. दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहायचं, एकेक टोक धरायचं आणि दोघांनी आपापल्या उजव्या हाताला पीळ द्यायचा. मग पाणी निथळतं. पण एकाने उजवा पीळ दिला आणि दुसऱ्याने डावा, तर गोधडी नुसती गरगर फिरते. पाणी तसंच राहतं. दोन माणसं दोरीवरच्या उड्या खेळायला उभी राहिल्यासारखी दिसतात.

हे मला लग्न झालं त्या वर्षीच कळलं, कारण अनसू डावरी. पहिल्याच नवरात्रात आमची गोधडी अशी फिरायला लागली की माझी आई पोट धरून हसली आणि मग चिडली. मी म्हटलं, "अगं, उलटं फिरवतेस." ती नवी नवरी. पण डोक्यावरचा पदर न ढळू देता म्हणाली, "तुमचं उलटं ते माझं सुलटं."

हे तिचं बोलणं मी पुढं जन्मभर ऐकलं. शेवटी आम्ही तडजोड केली. एक गोधडी माझ्या हाताची, एक तिच्या हाताची. पहिल्या गोधडीला तिने उजवा पीळ द्यायचा, दुसरीला मी डावा. असं चाललं.

त्या दुपारी आमची पाळी चुकली. मी मनात म्हटलं, हिचं मनगट दुखतंय, ही गोधडी हिच्या बाजूने देऊ. तिने मनात म्हटलं, म्हातारा दमलाय, ही त्याच्या बाजूने देऊ. मी डावा पीळ दिला, तिने उजवा. गोधडी गरगर.

"अहो, उलटं!"

"तूच उलटं फिरवतेस."

"बरं, मी बदलते."

"थांब, मी बदलतो."

दोघांनी एकदमच बदललं. गोधडी परत गरगर, आता दुसरीकडून. अनसू हसायला लागली. हसता हसता धोंड्यावर बसली आणि म्हणाली, "टाका तशीच दोरीवर. ऊन पिळील."

मी तशीच टाकली. दोरी पार खाली वाकली. गोधडीतून पाण्याची धार लागली.

हे आमचं शेवटचं काम. आता ही बाई कोण होती ते सांगतो. मी चार इयत्ता शिकलेला माणूस आहे. गोड बोलता येत नाही. ती गेली म्हणून तिला देवी करायची, असं माझ्याकडून होणार नाही. बाई हट्टी होती. एक नंबरची हट्टी.

तिचं माहेर सायखेड्याचं. गोदावरीच्या काठचं मोठं गाव, घरी शेती. पोर डाव्या हाताने जेवते म्हणून घरात हलकल्लोळ. बापाने जेवताना तिचा डावा हात सुताच्या दोरीने कमरेला बांधायला सुरुवात केली. तर ही ताटावर वाकून कुत्र्यासारखी तोंडाने भात खायला लागली. चुलतीने एकदा डाव्या हातावर तापलं उलथनं टेकवलं. त्याचा डाग शेवटपर्यंत होता. शाळेत मास्तरांची पट्टी. शाळा सुटली, डावा हात काही सुटला नाही. मी विचारलं होतं एकदा, "उजव्याने जेवायला काय झालं असतं गं?" तर म्हणाली, "तुम्हाला कुणी नाकाने पाणी प्या म्हटलं तर प्याल का?"

माझ्या घरी आल्यावर तिने घरच फिरवून घेतलं. दाराची कडी सुताराकडून दुसऱ्या बाजूला लावून घेतली. कपाटाचं दार उलटं उघडायचं. पाण्याच्या माठावरचा ओगराळा उलट्या बाजूला, देवळीतली काड्यापेटी उलट्या बाजूला. माझ्याच घरात मी आंधळ्यासारखा चाचपडायचो. शेजारचे म्हणायचे, तुमच्याकडे चोर आला तर त्याला आत सापडेल सगळं, पण बाहेर पडायला कडी सापडणार नाही. सकाळपर्यंत तिथंच.

जेवायला ती नेहमी माझ्या डाव्या अंगाला बसायची. उजव्या अंगाला बसली की माझा उजवा कोपर आणि तिचा डावा कोपर भांडायचे, आमटी सांडायची. "बायकोने डाव्या अंगाला बसायचं हे भटजीनेच सांगितलंय," ती म्हणायची. "डावी बाजू बायकोची. मग डावा हात तेवढा पापाचा कसा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भटजीकडेही नव्हतं, कारण तिने त्याला विचारलं होतं.

पण घराबाहेर तिचं चालायचं नाही. हळदीकुंकवाला गेली की पंचाईत. डाव्या बोटाने कुंकू लावलं तर बायका मागं सरकायच्या, जशी काय ही विंचू लावतेय. मग ती उजव्याने लावायची. उजवा हात थरथरायचा. कुणाच्या भुवईला कुंकू, कुणाच्या नाकाच्या शेंड्याला. एका बाईच्या डोळ्यात गेलं. त्यानंतर बोलावणी कमी झाली. ती म्हणायची, "बरंच झालं, नाहीतरी वाण म्हणून नुसत्या प्लास्टिकच्या डब्या देतात." पण संक्रांतीच्या दिवसांत संध्याकाळी शेजारणी नटून निघाल्या, की ही दाराची कडी लावून आत धान्य निवडत बसायची.

आता बंदुकीचं सांगतो. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो.

शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी चांदमारी होती. चांदमारी म्हणजे बंदुकीचा नेम शिकायची जागा. मी तिथं रोजंदारीवर होतो. माझं काम खंदकात. टेकडीपुढं खोल खंदक, त्यात आम्ही दोघं-तिघं बसायचो. लाकडी चौकटीवर कागद डकवलेलं टारगेट वर उभं करायचं. लांबून गोळ्या यायच्या, डोक्यावरून सूं करत टेकडीत घुसायच्या. मग लांब काठीच्या थापीने दाखवायचं, गोळी कुठं लागली. नाहीच लागली तर लाल झेंडी हलवायची. नंतर टारगेट खाली ओढून भोकांवर कागदाच्या चिकट्या लावायच्या आणि परत वर. असा जन्म गेला माझा. लोकांनी पाडलेली भोकं बुजवण्यात.

चिकट्यांना लागायची खळ. ती अनसू करून द्यायची. गव्हाच्या पिठाची, चुलीवर ढवळून ढवळून, मोरचूद घालून, म्हणजे उंदीर-मुंग्या लागत नाहीत. अर्थात ढवळायची उलटी. मी चेष्टा करायचो, "तुझ्या खळीने चिकटी उलटी चिकटते." ती म्हणायची, "चिकटते ना? मग झालं."

एकाहत्तरच्या लढाईनंतर टूम निघाली, बायकांनी बंदूक शिकायची. आमच्या चांदमारीवर बायकांचा वर्ग सुरू झाला. मास्तरणी, नर्सबाया, चांगल्या घरच्या दोन-चार सुना. पांढऱ्या साड्या, पदर खोचलेला. नावं कमी पडत होती. अनसू खळीचा डबा द्यायला आली होती, तिने विचारलं, "माझं घेतात का नाव?" आणि घेतलं.

मी घरी येऊन डोकं धरलं. "तुला काय करायचंय बंदूक? कुणाला मारायचंय?"

ती खळ ढवळत होती. वर न बघता म्हणाली, "मला कुणाला मारायचं नाय. मला एकदा चार माणसांत डाव्या हाताने काहीतरी करायचंय. आणि ते करताना कुणी 'अगं, उजवा' असं म्हणायला नको. एवढंच."

"एवढ्यासाठी बंदूक?"

"मग काय पोळपाट-लाटणं घेऊन जाऊ मैदानात?"

तिला वाटलं होतं, बंदुकीला कुठं आलंय सोवळं. लोखंड आणि लाकूड. त्याला डावं-उजवं काय कळणार? बाईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. म्हटलं, आपणच बघेल.

थ्री-नॉट-थ्री रायफल असते, तिचा बोल्ट उजव्या अंगाला. बोल्ट म्हणजे लोखंडी दांडा, दाराच्या खिटीसारखा. एक गोळी मारली की तो उचलायचा, मागं ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर उडतं, मग पुढं ढकलायचा, खाली पाडायचा. मग दुसरी गोळी. उजव्या हाताच्या माणसाला सोपं. घोड्यावरचा हात सोडला, बोल्ट ओढला, परत घोड्यावर. डावऱ्या माणसाने डाव्या खांद्याला रायफल लावली तर बोल्ट पलीकडच्या अंगाला राहतो. त्याला डावा हात रायफलीच्या डोक्यावरून टाकून पलीकडचा दांडा ओढावा लागतो. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावरून हात घालून पलीकडचा तांब्या घ्यावा तसं. वर रिकामं काडतूस डोळ्यांपुढून जातं.

पहिल्या दिवशी ती पोटावर आडवी झाली आणि कुणी काही सांगायच्या आत रायफल डाव्या खांद्याला लावली. एक गोळी मारली. मग हात वरून टाकून बोल्ट ओढला, त्यात पदर अडकला. बोल्टही निघेना, पदरही निघेना. बाई रायफलीला बांधलेली. सगळ्यांच्या बंदुका खाली ठेवायला लावल्या, दोन माणसं पदर सोडवायला. सोडवला तसं गरम काडतूस उडून तिच्या उजव्या गालाला चटका देऊन गेलं. हे मला नंतर कळलं. मी खंदकात. तिकडे गोळ्या एकदम थांबल्या, आम्हाला वाटलं जेवणाची सुट्टी झाली.

शिकवायला एक उस्ताद होता. पलटणीतून निवृत्त, गाव नामपूरकडचं. चिडला की त्याची अहिराणी बाहेर पडायची. तो तिच्या डोक्याशी येऊन उभा राहिला.

"बाई, हाई रायफल डावा हातनी नही शे! उजवा खांदा!"

झालं. जे ऐकायचं नाही म्हणून बाई इथवर आली, तेच पहिल्या दिवशी.

मग तिने उजव्या खांद्याने मारायला सुरुवात केली. आता नेम धरायला डावा डोळा मिटावा लागतो. तिला डावा डोळा एकटा मिटताच यायचा नाही. उजवा मिटायचा, डावा नाही. डावा मिटायला गेली की दोन्ही मिटायचे. म्हणजे बाई डोळे मिटून गोळ्या मारायची, देवाचं नाव घेतल्यासारखी. मी खंदकातून बघतो तर हिचं टारगेट कोरं करकरीत. आणि शेजारच्या टारगेटला पाहिजे त्यापेक्षा जास्त भोकं. तिथं प्रधान नावाच्या मास्तरीणबाई होत्या. पाच गोळ्या मारल्या की त्यांच्या टारगेटला सात लागायच्या. बाई इतक्या खूश, की पेढे वाटायच्या बेतात होत्या. उस्ताद त्यांना म्हणाला, "बाई, तुमचा नेम चांगला, पण हिशेब कच्चा."

घरी आली की अनसू सरळ चुलीपुढं बसायची. गालावर चटक्याचा डाग, उजव्या खांद्याला काळंनिळं. मी म्हटलं, "सोड ना. कोण बोलावतंय?" तिने ऐकलं नाही. उस्तादाने ताकीद दिली होती, परीक्षेच्या दिवशी वरचे साहेब बघायला येणार. ज्या बाईला उजव्याने जमणार नाही, तिने त्या दिवशी येऊ नये. उगाच वर्गाची शोभा नको.

हिने ते ऐकून घेतलं. तिचं ऐकून घेणं वाईट असायचं.

एक दिवस कामावरून आलो तर आमच्या दारापुढं शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. आत बघतो तर अनसू उंबऱ्यात पोटावर आडवी पडलेली. पुढं घडी केलेली गोधडी, गोधडीवर मुसळ ठेवलेलं, मुसळाचं मागचं टोक डाव्या खांद्याला. डावं बोट मुसळावर, घोडा धरल्यासारखं. आणि उजव्या हाताने ती दाराची खालची खिटी उचलतेय, मागं ओढतेय, पुढं ढकलतेय, खाली पाडतेय. खटक-खटक. परत. खटक-खटक. डोळा समोरच्या नळावर.

शेजारची सरूबाई मला म्हणाली, "भाऊ, हिला कुणाची नजर लागली का?"

अनसू पडल्या पडल्या म्हणाली, "नजर नाय, नेम लावतेय. बाजूला व्हा सरूबाई, नळ दिसंना."

मग उठून बसली आणि मला समजावलं. परीक्षेत रायफलीचं पुढचं तोंड वाळूच्या पिशवीवर टेकवायला देतात. म्हणजे पुढचा हात मोकळा. डावऱ्या माणसाचा पुढचा हात कोणता? उजवा. आणि बोल्ट कुठं? उजव्या अंगाला. मग डावा हात कशाला हलवायचा? तो राहील घोड्यावर. उजवा बोल्ट ओढील. "जन्मभर या उजव्याला लोकांनी माझ्या डोक्यावर बसवला," ती म्हणाली. "मी त्याचा राग राग केला. त्याला बिचाऱ्याला धड काम कधी दिलंच नाय. आता दिलं."

त्या दिवसापासून आमच्या घरात खटक-खटक. चहा उकळतोय तोवर खटक-खटक. मंगल, आमची मुलगी, तिथं बसून परवचा म्हणायची ती खिटीच्या तालावर म्हणायला लागली. खिटी ढिली झाली, दार वाऱ्याने आपटायला लागलं. सुतार आला, म्हणाला, "या दाराला रोज कोण एवढं उघडतं?" मी म्हटलं, "उघडत कुणी नाही. फक्त मारतात."

परीक्षेच्या दिवशी ती माझ्याआधी चांदमारीवर गेली. येऊ नये असं सांगितलं होतं तरी गेली. मी खंदकात उतरलो.  तिकडे काय चाललंय ते दिसायचं नाही. आम्हाला फक्त आवाज. बायका एकेक करून मारत होत्या. ठो, मग कितीतरी वेळ काही नाही, मग ठो. बोल्ट ओढायचा, परत नेम धरायचा, श्वास धरायचा, एवढा वेळ लागतो.

मग एक ठो आला. आणि लगेच दुसरा. आणि तिसरा. मध्ये कुठं खंड नाही. माझ्या शेजारी खंदकात म्हातारा रामभाऊ होता, तो दचकला. "हा कोण आला रे, लष्करातला?"

मी ओळखलं. दारातली खटक-खटक होती ती. तिला मी बंदूक चालवताना जन्मात कधी पाहिलं नाही, पण आवाजावरून बायको ओळखली. असं ओळखणारा मीच एक असेन.

टारगेटकडे मान वर केली. सगळ्या गोळ्या लागलेल्या. मधल्या काळ्या चांदात एकही नव्हती, खोटं कशाला सांगू. सगळ्या डाव्या अंगाला, एकमेकींना खेटून, हळदीकुंकवाच्या बायका बसाव्या तशा. पण पास व्हायला तेवढं पुरे होतं. मी थापी उचलली आणि एकेक भोक दाखवलं. रामभाऊनेही काठीला खालून हात लावला.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघालो. मी विचारलं, "काय म्हणाला गं उस्ताद? ओरडला?"

"नाय."

"शाबास म्हणाला?"

"नाय."

"मग?"

तिने पदर नीट केला. म्हणाली, "मी मारून झाल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. साहेबांनीही बघितलं. मला वाटलं, आता 'उजवा' म्हणतोय, आता म्हणतोय. मग तो म्हणाला, पुढची बाई."

"एवढंच?"

"एवढंच."

आणि ती रस्त्याच्या मध्येच थांबून रडली. टांगेवाला घंटा वाजवत गेला तरी हलली नाही. मी आपला बाजूला उभा. मला कळेना, पास झालेल्या बाईला काय बोलावं.

पुढं तो वर्ग बंद पडला. तशा गोष्टी बंदच पडतात. रायफली पेटीत गेल्या. कुणी बिल्ला दिला नाही. अनसू परत खळ ढवळायला लागली, उलटी. पण काही चांगलं झालं, काही मनासारखं झालं, की ती म्हणायची, "पुढची बाई." मंगलचं येवल्याला लग्न ठरलं, सोयरीक चांगली मिळाली, तेव्हा म्हणाली. पापड वाळले, पावसाआधी उचलले, तेव्हा म्हणाली. शेजारच्यांना वाटायचं बाई भ्रमिष्ट आहे. मला ठाऊक होतं.

आणखी एक खोड होती. डाव्या खांद्याला परीक्षेच्या दिवशी दस्त्याचा, म्हणजे रायफलीच्या मागच्या लाकडाचा, धक्का बसून काळंनिळं झालं होतं. ते गेलं चार दिवसांत. पण पुढं कितीतरी वर्षं, विचारात असली की तिची उजव्या हाताची बोटं त्या जागेवर जायची. दाबून बघायची, दुखतंय का. दुखत नसायचंच. मला वाटतं, दुखावं अशी तिची इच्छा असावी.

गेली त्या दिवशी असंच. गोधडी तशीच दोरीवर टाकून आम्ही आत आलो. तिने चहा केला. ग्लास डाव्या हातात, बोटं डाव्या खांद्यावर. मी म्हटलं, "दुखतंय का?" म्हणाली, "आज जरा दुखतंय खरं." मी म्हटलं, बंदुकीचं असेल, आणि हसलो. तीही हसली. ग्लास खाली ठेवला, म्हणाली, "थोडी पडते." दिवेलागणीला उठवायला गेलो तर ती गेलेली होती. डॉक्टर आला, त्याने हात धरला. उजवा. मग खाली ठेवला.

मंगल येवल्याहून मिळेल त्या एस.टी.ने आली. सकाळी अंगणात माणसं जमली. आमच्याकडे अंगण ते केवढं. बांबू आले, सुतळी आली. पोरं तिरडी बांधायला बसली, ती नेमकी त्या गोधडीखाली. रात्रभर गळूनही गोधडी ओलीच होती. एकाच्या मानेवर थेंब पडला. तो उठला, म्हणाला, "काका, ही पिळून टाकू का? धरतो एका बाजूने."

मी म्हटलं, "हात लावू नको. ऊन पिळील."

मंगलने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं, नसावं.

आम्हाला मुलगा नाही, म्हणून घाटावर सगळं मलाच करायचं होतं. भटजी तरुण होता. मंत्र म्हणत होता, मध्ये मध्ये मला सांगत होता. पाण्याने भरलेलं मडकं माझ्या हातात आलं. मी सवयीने उजव्या खांद्याकडे नेलं.

"अहो काका, डावा खांदा," भटजी म्हणाला.

मागून सोयरे बोलले, "डावा, डावा."

मी थांबलो. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

भटजीला वाटलं म्हाताऱ्याला कळत नाही. मऊ आवाजात म्हणाला, "आता सगळं डावं करायचं असतं, काका. फिरायचंही डावीकडून. गेलेल्या माणसाचं सगळं उलटं असतं."

"हिचं सुलटं आहे," मी म्हटलं.

 मी मडकं डाव्या खांद्यावर ठेवलं. दस्ता बसतो त्या खळग्यात ते नेमकं बसलं. मागं दगडाने भोक पाडलं, पाण्याची धार लागली. मी तिच्या भोवती चालायला लागलो, डावीकडून, तिच्या बाजूने. पाळी कुणाची हे या वेळी विचारावं लागलं नाही.

आजूबाजूला पुष्कळ माणसं उभी होती. सासरची, माहेरची. सायखेड्याचीही आली होती, त्यात तिचा हात बांधणाऱ्या घरातले म्हातारे होते. ज्या बायका कुंकू लावून घेताना मागं सरकायच्या, त्यांचे नवरे होते. एकानेही 'अहो, उजवा' म्हटलं नाही.

पाणी पाठीवरून गळत होतं. मी ते गळू दिलं.